उतारा

चढलेलं खाली यायलाच हवं, हा आपल्या भाषेचा फार जुना हट्ट आहे. ताप चढतो, विष चढतं, दारू चढते, सावकाराचं व्याज चढतं. मग ते उतरवायला कोणीतरी लागतं आणि काहीतरी लागतं. त्या ‘काहीतरी’ला मराठीने नाव दिलं उतारा. जळगाव-धुळ्याकडे हा शब्द दिवसभर या ना त्या तोंडून निघतो. तलाठ्याकडे सातबाऱ्याचा उतारा मागतात. जिनिंगच्या फाटकात व्यापारी कापूस चिमटीत धरून रुईचा उतारा बोलतो. मराठीच्या पेपरात पोरं उताऱ्यावरचे प्रश्न सोडवतात. रात्री जास्त झालेली माणसं सकाळी उतारा म्हणून लिंबू पिळून पितात. आणि अमावास्येच्या संध्याकाळी चौफुलीवर पत्रावळीत दहीभात, गुलाल आणि टाचण्या टोचलेलं लिंबू दिसतं, तोही उताराच.

बोरी नदीच्या काठच्या आमच्या गावात उतारा म्हटलं की आधी हा शेवटचा आठवायचा. माझी आजी, जिला आम्ही मोठी माय म्हणायचो, तो काढायला बसली की घरातले सगळे आपोआप हळू बोलायला लागत. दिवेलागणीला ती आजारी पोराला पाटावर बसवी. उताऱ्याची भाकरी एकाच बाजूने शेकलेली असे; दुसरी बाजू मुद्दाम कच्ची ठेवायची. तिच्यावर तेलाची धार, मिठाचा खडा, सुक्या मिरच्या आणि चुलीतला विझलेला कोळसा. ती भाकरी पोराच्या डोक्यापासून पायापर्यंत उतरवताना ती आल्यागेल्याची, घरच्या-दारच्याची, शिवारातली, पाणवठ्यावरची अशी एकेक नजर पुटपुटत मोजी. “कोनी नजर लागनी रे तुले?” हा प्रश्न ती पोराकडे बघून विचारी, पण उत्तराची वाट बघत नसे. मग काका ती भाकरी कागदात घेऊन तिठ्यावर जात. जाताना कोणाशी बोलायचं नाही, ठेवून झालं की मागे वळून बघायचं नाही, आणि घरात शिरण्याआधी पाय धुवायचे. काका निघाले की मोठी माय दारातून एवढंच म्हणे, “मांगे दखू नको.”

ताप पुष्कळदा उतरे, कारण पोरांचे पुष्कळ ताप आपोआप उतरणारेच असतात. पण तालुक्याला जाणारी एसटी सकाळशिवाय नव्हती, आणि गावात डॉक्टर नव्हता. त्या रात्री घरातलं कोणीतरी काहीतरी करत होतं आणि आजाऱ्याला ते दिसत होतं. भाकरी तिठ्यावर गेल्यावरही मोठी मायचा हात पोराच्या कपाळावरून हटत नसे. पहाटेपर्यंत ती पाण्याच्या घड्या बदलत बसे. तिने उताऱ्याला जेवढा मान दिला तेवढाच त्या ओल्या फडक्यालाही दिला, आणि म्हणून त्या बाईला अडाणी म्हणून मोकळं होणं मला कधी जमलं नाही.

मला खटकायचं ते दुसरंच. आमची शाळेची वाट त्याच तिठ्यावरून होती. सकाळी तिथे काल रात्रीचे उतारे पडलेले असत. काही कुत्र्यांनी विस्कटलेले, काही जसेच्या तसे. आम्हाला ताकीद होती की उतारा ओलांडायचा नाही, पाय लागू द्यायचा नाही, नाहीतर ज्याचं दुखणं आहे ते आपल्याला लागतं. मग ज्याला ठाऊक नाही, जो अंधारात चालला आहे, जो परगावचा आहे, त्याने ओलांडला तर? मी हे मोठी मायला विचारलं. ती म्हणाली, “वाट दखीसन चालनं पडस, भाऊ.” तिच्या लेखी प्रश्न तिथे मिटला. माझ्या लेखी तो अजून उभा आहे. उताऱ्याने पीडा मरते, असं तो काढणाराही म्हणत नाही. ती फक्त जागा बदलते. आपल्या अंगणातून निघते आणि सगळ्यांच्या वाटेवर जाऊन बसते. प्रेमाने ओथंबलेल्या त्या विधीत एवढी एक जागा निर्दय होती, आणि तिच्याकडे बघायचं नाही असा नियमच होता.

एका घराने जे केलं तेच गावानेही केलं. पटकीची साथ आली की मरीआईचा गाडा निघे. देवीला गाड्यात बसवून, नैवेद्य दाखवून, गाडा वाजतगाजत शिवेवर नेऊन सोडायचा. पलीकडचं गाव जागं असलं तर ते तोच गाडा पुढच्या शिवेवर लोटून येई. आज जळगाव जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत मरीमातेच्या यात्रेला भगत बारागाड्या ओढतो, लोक दुतर्फा गर्दी करतात, पोरं गाड्यांवर चढतात. त्या उत्सवात साथीची भीती उरलेली नाही. पण जुन्या काळी गाडा ही भीतीची वरात होती. रोग पाण्यातून येतो हे तेव्हा कोणाला माहीत नव्हतं, त्याचा दोष त्या माणसांना देता येत नाही. मात्र आपली साथ शेजारच्या गावाच्या हद्दीत लोटली की आपलं काम झालं, हे त्यांना मान्य होतं.

आणि काही पीडा शिवेपर्यंतही न्याव्या लागत नसत. त्या घ्यायला माणसं नेमलेलीच होती. ग्रहण सुटताना ‘दे दान सुटे गिराण’ अशी हाळी देत गावकुसाबाहेरची माणसं दारोदार फिरत, आणि घरोघरचं जुनं लुगडं, धान्य, तेल त्यांच्या झोळीत पडे. नाव दानाचं, देणाऱ्याच्या मनात मात्र आपल्या घरावरचं अरिष्ट त्या झोळीत गेल्याचं समाधान. एका जातीने पिढ्यानपिढ्या गावाचा तिठा व्हायचं, अशी ती व्यवस्था होती. आंबेडकरी चळवळीने असलं दान नाकारायला शिकवलं, तेव्हा कितीतरी गावांत सवर्णांना राग आला. दान घेतलं नाही म्हणून राग का यावा? आपली पीडा आता कुठे ठेवायची, हा खरा प्रश्न होता.

विषाचा उतारा मात्र असा दुसऱ्याच्या वाटेत ठेवायचा नसतो. तिथे शब्द अंगातलं विष खाली आणण्यापुरता येतो. एकनाथांच्या विंचवाच्या भारुडात तो याच अर्थाने आहे; फक्त तिथला विंचू काम-क्रोधाचा आहे आणि त्याच्यावरचा उतारा तमोगुण बाजूला सारण्याचा. नाथांनी गावच्या मांत्रिकाचाच शब्द उचलला आणि माणसाला स्वतःकडे वळवलं. गावात मात्र विंचू खराखुरा असतो आणि सापही.

खानदेशात सापाचं नाव रात्री घेत नाहीत. चावला तर ‘पान लागलं’ म्हणतात. आमच्या शेजारच्या मळ्यात एका सालदाराला असंच पान लागलं. पावसाळा होता, तो खळ्यावर जमिनीवरच झोपला होता, चावा कळलासुद्धा नाही. उठला तो पोट दुखतं म्हणून. कोणीतरी पायावर दातांच्या बारीक खुणा पाहिल्या. मग त्याला बैलगाडीतून उतारा देणाऱ्या माणसाकडे नेलं. त्या माणसाने कडुनिंबाचा पाला चघळायला दिला. कडू लागला म्हणजे विष नाही, गोड लागला म्हणजे आहे, अशी ती परीक्षा. पाला कडू लागला. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. मंत्र सुरू झाला, झाडणं सुरू झालं. थोड्या वेळाने त्याच्या पापण्या जड झाल्या. रात्रभर जागलाय, झोप येतेय, असं सगळे म्हणाले. मण्यारीच्या विषाने आधी पापण्या पडतात, मग जीभ जड होते, मग श्वास थांबतो, हे तिथल्या एकालाही माहीत नव्हतं. तालुक्याच्या वाटेवर गाडीतच तो गेला. त्याची बायको दुसऱ्या दिवशी सगळ्यांना सांगत होती, पाला कडू लागला होता हो, पाला कडू लागला होता.

चावणारे बरेचसे साप बिनविषारी असतात, आणि विषारी सापही कित्येकदा विष न सोडता चावतो. म्हणून मांत्रिकाकडून माणसं घरी परत येतात, आणि त्याचं नाव होतं. जी येत नाहीत त्यांची ‘वेळच भरली होती’. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर एकच प्रतिविष चालतं. मुंबईच्या परळमधली हाफकिन संस्था ते वर्षानुवर्षं बनवत आली आहे. सरकारी दवाखान्यात ते फुकट मिळतं. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत याचा वेगळा उल्लेख आहे: साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला डॉक्टरकडे जाण्यापासून अडवून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा गुन्हा आहे. कायदा उतारा काढू नका असं म्हणत नाही. अडवू नका म्हणतो. हा फरक गावोगाव समजावून सांगितला पाहिजे, कारण लोकांना वाटतं की सरकार त्यांच्या आजीला तुरुंगात टाकायला निघालं आहे.

कापसाच्या पट्ट्यात आणखी एक विष आहे, त्याला आम्ही ‘औषध’ म्हणतो. फवारणीच्या बाटलीसोबत बारीक अक्षरांचा घडीचा कागद येतो. त्यावर विषबाधेची लक्षणं आणि उतारा दोन्ही छापलेलं असतं. काही कीटकनाशकांपुढे ॲट्रोपीनचं नाव असतं. तो कागद शेताच्या बांधावर उडत असलेला मी पाहिला आहे, वाचणारा क्वचितच पाहिला. रुईच्या उताऱ्याबद्दल मात्र शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. शंभर किलो कापसातून साधारण 33 ते 36 किलो रुई निघते, बाकी सरकी आणि थोडी घट. व्यापारी एक बोंड उकलतो, सरकीवरची रुई बोटाने ओढून बघतो आणि आकडा बोलतो. त्या एका आकड्यावर वर्षाचं गणित बसतं किंवा कोसळतं. साखर कारखान्यातही असंच. उसाचा भाव साखरेच्या उताऱ्यावर ठरतो.

पण या शब्दाचा मला सगळ्यात प्रिय अर्थ कागदाचा आहे. बोललेलं, गायलेलं, कुठेतरी लिहिलेलं दुसऱ्या कागदावर उतरवून घ्यायचं, तो उतारा. मंत्रातला उतारा पीडा उतरवतो, हा शब्द उतरवतो. खानदेशात असे दोन उतारे झाले आहेत की त्यांच्यामुळे मराठी श्रीमंत झाली.

पहिला धुळ्याच्या तुरुंगातला. 1932 साली विनोबा तिथे राजबंदी होते. 21 फेब्रुवारीपासून 19 जूनपर्यंत दर रविवारी ते सोबतच्या कैद्यांपुढे गीतेच्या एकेका अध्यायावर बोलले. विनोबा बोलत होते, लिहीत नव्हते. अंमळनेरच्या शाळेत मास्तरकी केलेले साने गुरुजी त्याच तुरुंगात होते, आणि ते समोर बसून लिहून घेत होते. बोलणाऱ्याच्या वेगाने लिहायचं, आपलं काही मध्ये घुसडायचं नाही, आणि पुन्हा वाचताना त्यात बोलण्याचा सूर ऐकू आला पाहिजे, हे काम किती अवघड आहे ते भाषणाचं टिपण घेतलेल्या कोणालाही विचारावं. ‘गीता प्रवचने’ आज जगातल्या अनेक भाषांत आहे. गुरुजींचा हात त्या रविवारी लिहीत नसता तर ती प्रवचनं तुरुंगाच्या भिंतींना ऐकवलेली राहिली असती.

दुसरा उतारा जळगावचा. आसोद्यात 1880 साली जन्मलेल्या आणि जळगावात नांदलेल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात, चुलीपुढे त्या ओव्या रचत आणि गात. त्यांचा मुलगा सोपानदेव आणि सोपानदेवांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी त्या ऐकून ऐकून उतरवून घेतल्या. 3 डिसेंबर 1951 ला बहिणाबाई गेल्या आणि त्यानंतर, 1952 साली, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ छापून आली. ज्या बाईला सही करता येत नव्हती तिच्या नावाने आज जळगावात विद्यापीठ उभं आहे. शाळेच्या पुस्तकात तिच्या ओळी येतात आणि पोरं त्यांच्यावरचे प्रश्न सोडवतात. मला हे सगळं अद्भुत वाटतं. कोणत्याही भगताने दाखवलेल्या चमत्कारापेक्षा मोठं वाटतं, कारण इथेही एकाकडचं दुसऱ्याकडे गेलं, पण ज्याच्याकडे गेलं त्याला ते बाधलं नाही, आणि जिच्याकडून गेलं तिचंही काही उणं झालं नाही.

आमच्या मोठी मायचं पुटपुटणं कोणी उतरवून घेतलं नाही. त्यात शिवाराची, पाणवठ्यांची, जुन्या वाटांची किती नावं होती! तिच्या पिढीतल्या शेकडो बायकांचं तसंच गेलं. अहिराणीतल्या आणि लेवा गणबोलीतल्या उताऱ्यांचे बोल, विंचू उतरवतानाचे मंत्र, दृष्ट काढतानाची यादी, हे सगळं अजून काही म्हाताऱ्यांना पाठ आहे. विश्वास ठेवायची गरज नाही. लिहून घ्यायला काय हरकत आहे? मी माझ्या परीने विचारत फिरतो; काही बायका सांगतात, काही म्हणतात की सांगितलं तर मंत्राची ताकद जाते. त्यांच्या नकारापुढे मी वही मिटतो.

याच शब्दाच्या परिसरात एक फार काळा कोपरा आहे, आणि त्याच्याविषयी हळू आवाजात बोलून चालणार नाही. सातपुड्याच्या डोंगरपट्ट्यात, आज नंदुरबार जिल्ह्यात असलेल्या पण 1 जुलै 1998 पर्यंत धुळे जिल्ह्यातच मोडणाऱ्या भागात, डाकिणीची प्रथा आहे. गावात गुरं दगावली, मूल दगावलं, की भगताला विचारतात. भगत दाणे टाकून बघतो आणि एखाद्या बाईकडे बोट दाखवतो. पुष्कळदा ती विधवा असते, एकटी असते, म्हातारी असते, आणि पुष्कळदा तिच्या वाट्याला थोडी जमीन असते. मग मारहाण, धिंड, गावाबाहेर हाकलणं, कधी खून. इथे भाकरी नाही, लिंबू नाही, तिठाही नाही. अख्ख्या गावाची पीडा एका जिवंत बाईवर उतरवली जाते, आणि तिला ओलांडून गाव पुढे जातं. लहानपणी मोठी मायला विचारलेल्या माझ्या प्रश्नाचं याहून भयंकर उत्तर मला मिळालेलं नाही.

अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात खून झाला, आणि अठरा वर्षं रखडलेला तो जादूटोणाविरोधी कायदा त्यानंतर मार्गी लागला. आधी वटहुकूम, मग डिसेंबरात अधिनियम. एखाद्या बाईला करणी करणारी ठरवून छळणं आता सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे. दाभोलकरांनंतर महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचं कार्याध्यक्षपद सांभाळलेले अविनाश पाटील धुळ्याचे, आणि खानदेशातल्या कार्यकर्त्यांनी डाकीण प्रथेविरुद्ध सातपुड्यातले पाडे पायी पालथे घातले आहेत. हे काम धोक्याचं आहे. ते करणाऱ्यांची नावं वर्तमानपत्रात क्वचित येतात.

आणि इथेच मला तलाठ्याकडचा उतारा आठवतो. गाव नमुना सात म्हणजे जमीन कोणाची, गाव नमुना बारा म्हणजे तिच्यात काय पिकलं. दप्तरातून उतरवून दिलेली ही नक्कल म्हणजे सातबारा. डाकीण ठरवलेल्या बाईच्या गोष्टीत तो कागद बहुतेकदा कुठेतरी असतो. तिचा दीर, पुतण्या, शेजारी त्या कागदावर डोळा ठेवून असतो. म्हणून त्या कागदावर बाईचं नाव असणं, ते सर्वांना माहीत असणं, आणि तिलाही त्याची किंमत ठाऊक असणं, याला मी मोठं संरक्षण मानतो. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली तेव्हा जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरच्या शंभराहून अधिक शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा वाटा बायकोच्या नावावर केला. कोणी सक्ती केली नव्हती. पुरुषांनी आपणहून आपल्या नावावरून काही उतरवलं आणि घरातल्याच बाईच्या नावावर चढवलं. खानदेशाने याचा अभिमान मोठ्याने सांगायला हवा. प्रत्यक्षात नव्या पिढीला विटनेर कुठे आहे हेही माहीत नाही.

आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात. झोके बांधतात, सांजोऱ्या-पुरणपोळ्या होतात, गाणी होतात. आणि याच सणात कितीतरी घरांत जेवणं झाल्यावर भाऊ हक्कसोडपत्राचा कागद पुढे करतो, बहीण माहेर तुटू नये म्हणून सही करते. 2005 पासून वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. हे वाचणाऱ्या भावांना माझी विनंती आहे की येत्या आखाजीला तो कागद बहिणीपुढे ठेवू नका, आणि घरच्या सातबाऱ्यावर बायकोचं नाव नसेल तर सण झाल्यावर पहिल्या कामाच्या दिवशी तलाठ्याकडे जाऊन अर्ज द्या.